बहुरेषीय फलन नवख्यांना शिकवताना

व्याख्येपासून सुरुवात केली की चिन्हांच्या गर्दीत मूळ कल्पना हरवते, म्हणून मी आयताचं क्षेत्रफळ घेतो. रुंदी ५ वर गोठवायची आणि फक्त लांबी हलवायची. लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ दुप्पट. लांबी ३ + ४ केली की क्षेत्रफळ १५ + २०. अशा वागण्याला रेषीय म्हणतात. मग लांबी गोठवून रुंदीचं तेच करून पाहायचं. दोन जागा असलेल्या आणि प्रत्येक जागेत असं वागणाऱ्या फलनाला (म्हणजे आत घातलेल्या गोष्टींवरून एक उत्तर देणाऱ्या नियमाला) द्विरेषीय म्हणतात, जास्त जागा असल्या तर बहुरेषीय. एका वेळी एकच जागा हलते, हे पक्कं बसेपर्यंत मी पुढे जात नाही.

गोंधळ इथेच होतो: ‘म्हणजे हे रेषीयच ना?’ नाही. ३ × ५ मधल्या दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर १५ चे ३० नव्हे, ६० होतात. तीन जागा दुप्पट केल्या तर उत्तर आठपट. याउलट क्ष + य ही बेरीज (क्ष, य) या जोडीवर रेषीय आहे, पण द्विरेषीय नाही: य ला ५ वर गोठवलं तर क्ष = ० असताना उत्तर ५ येतं, आणि रेषीय फलन ० ला ० च देतं.

खरी मजा निश्चयकात आहे, म्हणजे संख्यांच्या चौरस मांडणीवरून निघणाऱ्या एका संख्येत. त्या मांडणीच्या स्तंभांचं एक बहुरेषीय फलन घ्यायचं, त्याला ‘न’ म्हणायचं आणि दोन स्तंभ सारखे असले की उत्तर ०, एवढी एकच अट घालायची. प आणि र हे कोणतेही दोन स्तंभ असतील, तर न(प + र, प + र) = ० उलगडलं की चार पदं येतात. (बरेच जण मधली दोन विसरतात आणि सगळं तिथेच अडतं.) न(प, प) आणि न(र, र) शून्य, म्हणून न(प, र) = −न(र, प). स्तंभांची अदलाबदल केली की चिन्ह का बदलतं, ते पाठ करावं लागत नाही.

आता (अ, क) आणि (ब, ड) हे स्तंभ (१, ०) आणि (०, १) या एकक सदिशांत (एका जागी १ आणि बाकी ० असलेल्या स्तंभांत) फोडायचे. एकक सदिशांवर क्रमाने उत्तर १ ठरवलं की चारपैकी दोन पदं गळतात आणि अड − बक उरतं. तीन स्तंभांना २७ पदं येतात. ती सगळी एकदा हाताने लिहायला मी आवर्जून सांगतो: एकच सदिश पुन्हा आलेली २१ पदं खोडली की ६ राहतात, तीन वस्तूंच्या क्रमांइतकीच.