पायऱ्यांवरून उतरणाऱ्या तीन गाड्या

‘द इटालियन जॉब’ हा १९६९चा सिनेमा मी किती वेळा पाहिलाय, हे आमच्या घरी विचारू नये. खरं तर आता अख्खा बघतही नाही. लुटलेलं सोनं मिनी कूपर गाड्यांमध्ये भरलं गेलं, की चहाचा कप घेऊन बसते.

शहर इटलीतलं तुरिन. सिग्नलचा संगणक चोरांनीच बिघडवलेला, त्यामुळे रस्ते तुंबलेले, हॉर्नचा नुसता कल्ला. त्यातून लाल, पांढरी, निळी अशा तीन चिमुकल्या गाड्या निसटतात. रस्ता बंद? मग दुकानांच्या कमानींखालून, नदीच्या बंधाऱ्यावरून, फियाटच्या लिंगोट्टो कारखान्याच्या गच्चीवरून! (गच्चीवर गाड्या पळवून बघायचा ट्रॅक तिथे खरोखरच होता. हौसेला मोल नाही.)

माझा जीव मात्र चर्चच्या पायऱ्यांवर. तिथे लग्नाची मंडळी जमलेली, आणि त्यांच्या शेजारून ही तिघं खाली उतरतात. नाक खाली, बूड वर, १० इंची चाकं पायरीगणिक टणटण उडताहेत. लहान मूल जिन्यावरून बसून घसरत येतं ना, अगदी तसं.

मागे लागलेली पोलिसांची अल्फा रोमिओ काही लेचीपेची नाही. पण ती वेगात हरत नाही, अंगाने हरते. मिनीची लांबी जेमतेम १० फूट. १९५६मध्ये सुएझ कालवा बंद पडला, त्या पेचात ब्रिटनमध्ये पेट्रोलची चणचण झाली, म्हणून अलेक इसिगोनिसने इंजिन आडवं बसवून माणसांना जागा काढली आणि १९५९मध्ये ही गाडी आणली. काटकसरीसाठी केलेली वस्तू दहा वर्षांनी दरोड्याच्या कामी आली.

गाड्या चालवणारे फ्रेंच स्टंटमन रेमी ज्युलियन आणि त्यांचे साथीदार. उडी खरी, दणकाही खरा. गाडी खाली आपटते तेव्हा कळ आपल्या कमरेत येते. खोटं फक्त सोनं. ४० लाख डॉलरचं सोनं त्या काळच्या भावाने तीन टनांवर जातं, म्हणजे प्रत्येक मिनीत तिच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. एवढं ओझं घेऊन गच्चीवरून उडी? पण हा हिशेब सुचतो तो चहा संपल्यावर.

पुढे तिन्ही गाड्या धावत्या बसमध्ये मागून चढतात. सोनं काढून घेतल्यावर चोर त्यांना एकेक करून आल्प्सच्या दरीत ढकलून देतात. त्यानंतर बस कड्यावर लोंबकळते, तो प्रसंग फार गाजलेला. मी तिथवर पोचतच नाही. तिसरी गाडी बसमध्ये शिरली, की टीव्ही बंद.