तुम्ही विचारलंत म्हणून : नुसता विश्वास ठेवला की सुटलात?

"तुमचा बरा आसा. इश्वास ठेवलो की सुटलास. आमका मात्र जल्माक जल्म फेडीत बसूचा लागता."

हा प्रश्न की टोमणा, ते विचारणाऱ्यावर अवलंबून. माझा शेजारी चिडवायला विचारतो. शाळेतले जुने सहकारी खरंच जाणून घ्यायला विचारतात. नर्सरीत कलमं न्यायला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी पावतीवरचं माझं आडनाव वाचतात आणि जरा चाचरत म्हणतात, "म्हणजे तुमच्या धर्मात कर्माला काहीच किंमत नाही का हो?" मी वेंगुर्ले तालुक्यातला साधा कॅथलिक माणूस, धर्मशास्त्र काही शिकलेलो नाही. पण माझ्यापुरतं जे समजलंय ते एकदा लिहून ठेवावं म्हटलं.

आधी थेट उत्तर. विश्वास ही तारणाची, म्हणजे देवानं आपल्याला वाचवण्याची, फी आहे, ती भरली की पावती हातात, असं ख्रिस्ती धर्म सांगत नाही. तारण देव देतो, ते कमावता येत नाही. विश्वास म्हणजे ते पदरात घेणं. आणि घेतल्यावरही माणूस होता तसाच राहिला, तर त्यानं खरंच घेतलं का, याचीच शंका धरावी. बायबलात इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल हे सगळं लागोपाठच्या तीन वचनांत सांगतो. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालेलं आहे. ते कर्मांनी झालेलं नाही, तेव्हा कुणी फुशारकी मारू नये. आणि सत्कर्मं करावीत म्हणूनच देवानं आपल्याला घडवलंय. लोक पहिली दोन वचनं पाठ करतात आणि तिसरं येईपर्यंत पान उलटतात. त्यात आमचेही आले.

दुसरा घोटाळा मोक्ष या शब्दाशी आपण तारणाची जोडी लावतो तिथं होतो. मोक्ष म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका डोळ्यांपुढे येते. आमच्याकडं फेराच नाही, जन्म एकच. त्यामुळं सुटायचं ते पापातून आणि पापामागून येणाऱ्या मरणातून. पाप म्हणजे नुसती चुकांची यादी नव्हे. देवाकडं पाठ फिरवून माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो, ते मूळ पाप. ते तुटलेलं नातं देवानं ख्रिस्ताच्या क्रूसावर आणि पुनरुत्थानात सांधलं, असं आम्ही मानतो. देहसुद्धा टाकून द्यायची वस्तू नाही. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आमच्या दफनभूमीत येऊन बघा. गवत काढलेलं असतं, चिऱ्याच्या कबरींना चुना लागलेला असतो, संध्याकाळी प्रत्येक कबरीवर मेणबत्ती असते. तिथं पुरलेल्यांनी उठायचं आहे, असा आमचा हिशेब. दर रविवारी उभं राहून आम्ही श्रद्धेची जी कबुली म्हणतो, तिचा पाया 325 साली नायसियाच्या परिषदेत घातला गेला आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ती जवळपास आजच्या रूपात आली. तिच्या शेवटी हीच वाट पाहणं आहे.

आता विश्वास आणि कर्म यांचं नातं. इथं मला माझ्या धंद्याचा उपयोग होतो, आणि दाखला माझा नाही, पौलाचाच आहे. रोमकरांच्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो कलमाची गोष्ट काढतो.

आमच्याकडं कोयकलम कसं करतात ते आधी सांगतो. पावसाच्या तोंडावर रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. तांबूस, कोवळा कोंब वर आला की तो पानं हिरवी होण्याआधी छाटायचा आणि ब्लेडनं मधोमध चीर द्यायची. हापूसची डोळकाडी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासायची, त्या चिरेत अलगद बसवायची, साल सालीला भिडली की प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. मग थांबायचं. काडीनं जगण्यासाठी स्वतः काही मिळवलेलं नसतं. झाडापासून तुटलेली, मूळ नाही, पाणी नाही. तिला जगवतो तो खाली धरलेला खुंट. आंबे लागतात म्हणून कलम धरत नाही, कलम धरलं म्हणून पुढं आंबे लागतात. बाजारातले दोन हापूस काडीला दोऱ्यानं बांधले तर खुंट काही तिला आपली म्हणणार नाही. पण चांगली पाच-सात वर्षं झाली, जमीन चांगली, खत-पाणी वेळेवर, आणि तरी झाडाला मोहरच नाही, तर गिऱ्हाईक परत येऊन विचारणारच, "कलम धरलं होतं ना?"

मजा पुढं आहे. आम्ही उंची जातीची काडी रानटी खुंटावर चढवतो. पौल उलटं सांगतो. रानटी जैतुनाची फांदी घेऊन ती बागेतल्या जातिवंत झाडावर बांधली, असं तो म्हणतो. रानटी फांदी म्हणजे यहुदी नसलेली माणसं, म्हणजे आम्ही. असं कलम बांधणाऱ्याला आमच्या वाडीत वेड्यात काढतील, कारण फळ तर काडीच्या जातीचं येतं. पौलालाही ते ठाऊक असावं, हे निसर्गाच्या उलट आहे असं तो स्वतःच लिहितो. माझ्या मते सगळ्या पत्रात कृपेचं एवढं नेमकं वर्णन दुसरं नाही. देव तोट्याचा व्यवहार करतो आणि रायवळ काडीला हापूस लागेल अशी आशा धरतो. त्याच ओघात पौल फांद्यांना बजावतोही : मूळ तुम्हाला धरून आहे, तुम्ही मुळाला नाही.

या प्रश्नावरून आमच्यातही कमी भांडणं झालेली नाहीत. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाले, त्या मार्टिन लूथरनं 1517 मध्ये जर्मनीत वाद उकरला तो पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीवरून, आणि तो वाद योग्यच होता. पुढं त्यानं नव्या कराराचं भाषांतर करताना रोमकरांच्या पत्रात 'विश्वासानं' याच्या जोडीला 'केवळ' हा शब्द घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाही. कॅथलिकांनी 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं : सुरुवात कृपेचीच, पण माणसाच्या इच्छेनंही तिला साथ द्यावी लागते. माझ्या भाषेत सांगायचं तर लूथर म्हणाला काडी काही करत नाही, आणि ट्रेंटवाले म्हणाले खरं आहे, पण काडी जिवंत लागते, वाळक्या काडीचं कलम होत नाही. एवढ्यावरून युरोप दुभंगला. अर्थात एवढ्यावरूनच नाही, राजांना चर्चच्या जमिनीही हव्या होत्या.

वेंगुर्ल्यात दोन्ही परंपरा नांदतात. आम्ही कॅथलिक गोव्याच्या बाजूनं आलेले, आणि प्रोटेस्टंट अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्या मिशनच्या डॉक्टरचा इथंच 1919 साली जन्मलेला मुलगा, रॉबर्ट गोहीन, पुढं प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला, हे गावातल्या किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. तर सांगायचं असं की 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथं लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळं नाही, केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा अंतःकरण नवं करून सत्कर्मांसाठी बोलावतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. प्रेस्बिटेरियन ज्या घराण्यातले, त्या रिफॉर्म्ड चर्चेसची जागतिक संघटना 2017 मध्ये विटेनबर्गला त्यात सामील झाली. साडेचारशे वर्षांहून जुन्या भांडणाचा मोठा भाग असा मिटला, आणि आमच्या गावात त्याचा कुणी पेढाही वाटला नाही.

बायबलातलं याकोबाचं पत्र मात्र मला सगळ्यात आवडतं. लूथरला ते आवडायचं नाही, पेंढ्याचं पत्र म्हणाला होता त्याला. याकोब म्हणतो, देव एक आहे असा तुझा विश्वास आहे ना, छान. भुतांचाही आहे, आणि ती थरथर कापतात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. देव आहे हे मान्य करणं म्हणजे विश्वास असता, तर देवचाराचंही तारण झालं असतं. विश्वास म्हणजे भरवसा टाकणं, आणि भरवसा टाकला की हातपाय हलतात. कर्मांवाचून विश्वास निर्जीव, हे याकोबाचंच वाक्य.

आणि कुमसार? पापनिवेदनाला आमच्या घरात हाच शब्द. "फादरच्या कानात सांगितलं की पाप धुतलं गेलं, परत करायला मोकळे," असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कोकणी उदाहरण देतो. समजा एखाद्यानं शेजाऱ्याचा बांध दर पावसाळ्यात वीतभर कोरत कोरत चार काजू आपल्या बाजूला घेतले. तो कुमसाराला गेला, रडला, सगळं सांगितलं. फादर क्षमा देतील, पण बांध मागं घे असंही सांगतील. चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ती पुसणं, हा चर्चच्या शिकवणुकीचाच भाग आहे. परत करायची तयारीच नसेल तर तो पश्चात्ताप नाही, आणि पश्चात्ताप नाही तर क्षमाही पोकळ. शुभवर्तमानातला जक्कय जकातदार येशूला आनंदानं घरी घेतो आणि उभा राहून सांगतो, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. आमच्याकडच्या दिवाणी कोर्टांतले बांधांचे दावे पाहता चौपट राहू दे, नुसता मूळ बांध परत गेला तरी फार झालं.

"मग आयुष्यभर दरोडे घालून शेवटच्या घटकेला विश्वास ठेवला तर?" हाही प्रश्न ठरलेला. उत्तर : हो, त्यालाही मिळतं. येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या अपराध्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. पण या प्रश्नामागचा सूर मला खटकतो. चांगलं वागणं ही वेठ आहे आणि दरोडेखोरानं मजा मारून घेतली, आपण फसलो, असा तो सूर असतो. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सकाळपासून राबलेले गडी अगदी असेच कुरकुरतात, कारण उतरत्या उन्हात आलेल्यालाही मालकानं तेवढाच दीनार दिला.

विश्वास कायम ठणठणीत असतो, असंही नाही. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साहाय्य करा. त्या बापाचं काम झालं. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा कळलं की अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता, आणि काम चालूच होतं. मला ते वाचून धीर आला. काहींना धक्का बसला, तो का बसावा हे मला अजून उमगलेलं नाही.

कृपा ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटायचं कारणही नाही. नारायण वामन टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगत. दोन्ही तीर एकच, असं ते म्हणाले नव्हते, मीही म्हणत नाही. पण माझ्यानं होत नाही, तूच उचल, ही हाक वारकऱ्याला कुणी शिकवायला नको.

शेवटी आवाज खाली करून विचारतात तो प्रश्न : "मग आम्ही नरकात?" कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये लिहून ठेवलंय की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताचं शुभवर्तमान ठाऊक झालेलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला कळेल तसं त्याच्या इच्छेप्रमाणं वागू पाहतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ते तारण ख्रिस्ताकडूनच येतं, हे चर्च सोडत नाही. उगाच गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. पण बाजारात पत्रकं वाटून नरकाची भीती घालणाऱ्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय परत वाचावा. तिथं न्यायाच्या दिवशी राजा विचारतो ते भुकेल्याला घातलेल्या घासाचं, तहानेल्याला दिलेल्या पाण्याचं, आजाऱ्याची घेतलेल्या खबरीचं. ते माझ्यासाठी केलंत, असं तो म्हणतो, आणि करणाऱ्यांना पत्ताही नसतो.

चिडवणाऱ्या शेजाऱ्याला मी हे सांगितलं. माझी आते अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्याची आई रोज वाटीभर पेज घेऊन गडगा ओलांडून यायची आणि चमच्यानं भरवायची. आतेला मीठ बंद होतं, म्हणून पेज अळणी. मी म्हटलं, मत्तयच्या हिशेबानं तुझी आई कुणाला भरवत होती, बघ.

तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ह्यां आयेक सांगा नको हां. देवाक अळणी पेज घातलंय म्हणान रात्रभर निजाची नाय."