जड जिभेची प्रार्थना

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा हायसं वाटलं, कारण स्टेजवर बोला असं कुणी म्हणालं नाही. माझ्या वर्गमित्रांना याचं कारण सांगायला नको. 'क' आणि 'प' माझ्या घशातच बसायचे. हजेरीत मी 'प्रेझेंट' म्हणेपर्यंत पुढचे दोन नंबर होऊन जायचे आणि सगळा वर्ग मान वळवायचा.

आपली शाळा मिशनची. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं, त्याच परंपरेतली. बोर्डिंगमध्ये पहाटे घंटा व्हायची. डोळे चोळत चटईवर बसायचं, पेटीवर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन आणि मग प्रभूची प्रार्थना. तिथे मी अडखळत नसे! 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून 'आमेन'पर्यंत सगळं सरळ. (तोतरं बोलणाऱ्या बहुतेकांची जीभ एका सुरात म्हणताना सुटते, हे फार उशिरा कळलं. तेव्हा तो मला खास माझ्यापुरता चमत्कार वाटे.)

रात्री पांघरुणात मात्र एकच मागणं असायचं, जीभ सुधार. ती काही सुधारली नाही. शेवटी बोर्डिंगच्या सरांना कागदावर लिहून दिलं की देव माझं ऐकत नाही. सर कडक माणूस. 'होशील रे बरा' असं ते म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे. त्यांनी बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र काढलं, बारावा अध्याय. ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता, म्हणजे कसलीशी व्याधी. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला आणि उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' बायबलमधला संदेष्टा मोशेही बोलायला जड होता. देवाने त्याची जीभ बदलली नाही, सोबतीला भाऊ अहरोन दिला. पंडिता रमाबाईंना उतारवयात ऐकू येईनासं झालं, १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली, तरी केडगावात बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, हेही सरांकडूनच ऐकलं. पण मला धीर आला तो दाखल्यांनी नाही. त्या रात्रीपासून दिवे घालवण्याआधी सर माझ्या खाटेशी बसून, हलक्या आवाजात, माझ्याबरोबर प्रार्थना म्हणू लागले.

पुढे मी एसटीत कंडक्टर झालो. वर्गमित्रांनो, हसून घ्या! 'पाथर्डी'तला 'प' सुटेपर्यंत गाडी करंजी घाटाला लागायची. प्रवासीच एकमेकांना स्टॉप सांगून मोकळे होत. डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, हातात घेताना पौलाचं ते वाक्य मनात म्हणायचो आणि डबल बेल द्यायचो. भीती गेली असं नाही. तिला घेऊनच गाडीत चढायला शिकलो, एवढंच.

ही शिकवण खरी उपयोगी पडली ती वडिलांच्या आजारपणात. त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही. साधं 'पाणी' म्हणता येईना. चिडून डाव्या हाताने भांडं फेकायचे. मी पार खचलो होतो. एका संध्याकाळी दुसरं काही सुचेना म्हणून त्यांचा हात धरून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो, आणि दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज आला. घोगरा, पण शब्द स्पष्ट. डॉक्टर म्हणाले, असं होतं. लहानपणापासून पाठ असलेलं पुष्कळदा शाबूत राहतं. असेल. आपण दोघंही जड जिभेचे आणि दोघांना एकच वाट मोकळी आहे, याचं मला त्या वेळी रडू आलं आणि बळही.

मग रोज संध्याकाळी आमचं ठरून गेलं. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथवर आलं की वडील थांबायचे आणि चुलीकडे बोट करायचे. आई तव्यावरून मान न वळवता म्हणायची, ''आधी आमेन म्हणा, मग वाढते.''