पिरोजी

आमच्या घरात पिरोजी आधी रंग म्हणून आला, खडा म्हणून फार उशिरा. निळं म्हणावं तर हिरवं दिसतं आणि हिरवं म्हणावं तर निळं, असं काहीही आजीच्या लेखी पिरोजी. मग तो इरकलीचा काठ असो की चादरीवरचं फूल.

खडा आणला शेजारच्या चाचींनी, इराणातल्या मशहदच्या यात्रेहून, अंगठीत बसवलेला. तिथून जवळच निशापूर. तिथल्या खाणींचा फिरोजा जगात नावाजलेला. युरोपात तो तुर्कस्तानमार्गे पोचला, म्हणून तिकडे त्याला टर्क्वॉईज म्हणजे ‘तुर्की’ म्हणू लागले. खाण इराणची, नाव तुर्कांचं! सोलापुरी चादरीच्या नावावर कुठकुठला माल खपतो हे पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

फारसीत पिरोज म्हणजे विजयी. घोडेस्वार हा खडा बाळगत, पडण्यापासून राखतो म्हणून. हे ऐकून आजी म्हणाली, “मला रिक्षात चढता येईना, घोडा कुठला!” तरी अंगठी तिने लगेच बोटात घातली. ती अडकली, म्हणून सोनाराकडे गेलो. त्याने डाग देण्याआधी खडा उचकटून बाजूला ठेवला. तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्या फॉस्फेटचा हा खडा, पोटात पाणी धरून बसलेला. ज्योत लागली की रंग गेलाच. निळाई तांब्याची, लोह मिसळलं की हिरवी झाक. कडकपणा खनिजांच्या दहाच्या मापावर जेमतेम 5 ते 6, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या धुळीतली वाळूही त्याला ओरखडे काढते. सोलापुरात त्याने राहायचं तरी कसं?

दोन उन्हाळ्यांत तो हिरवट पडला. जुनी समजूत अशी की मालकावर संकट येणार असेल तर फिरोजा रंग बदलतो. आजीने लगेच माझ्या काकाला फोन करून गाडी हळू चालवायला सांगितलं. मला माहीत होतं, हा खडा सच्छिद्र असतो. घाम, तेल, साबण, जे मिळेल ते पितो. आणि आजी रोज सकाळी उखळात शेंगाची चटणी कुटायची, तेल सुटेपर्यंत, अंगठी न काढता. पण हे तिला सांगणार कोण?

शेवटी चाचींनाच बोलावलं. त्यांनी अंगठी उजेडात धरली, उलटीपालटी केली, मग नाकाशी नेली.

“लसूण,” त्या म्हणाल्या.