पाइपची ज्योत

आज वडिलांचा तंबाखू ओढायचा, ब्रायर लाकडाचा पाइप पुसताना काठावरचा जळका डाग पुन्हा मनाला लागला. तो डाग माझ्यामुळेच पडला होता, कारण जेट लायटरची प्रखर ज्योत तंबाखूबरोबर लाकडाची कडही जाळते. म्हणून संध्याकाळी आडवी, मऊ ज्योत देणारा ब्युटेन वायूचा लायटर वापरला. ज्योत गोल फिरवली, फुगून वर आलेली तंबाखू हलकेच दाबली आणि मग ती दुसऱ्यांदा पेटवली. १९३२ साली स्थापन झालेल्या झिप्पो या लायटर कंपनीचा, चिमणीला (ज्योतीभोवतीच्या धातूच्या आडोशाला) गोल भोक असलेला पाइप लायटर वाऱ्यात फार उपयोगी पडतो, हे मान्य. पण अशा वातीच्या लायटरमधल्या नॅफ्था या द्रव इंधनाचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो आणि तो मला सोसत नाही. काडी वापरायची असेल, तर तिचे गूल पूर्ण जळेपर्यंत थांबावे.