खरी धूळ पंख्याच्या पुढ्यात असते

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. त्यामुळे लॅपटॉप तापू लागला की ते हाताला कळायच्या आधी मला हेडफोनमध्ये ऐकू येतं. माइकपुढे पंखा लपत नाही. पूर्वी तो फक्त फाइल एक्सपोर्ट करताना वाढायचा. मग नुसतं रेकॉर्डिंग चालू असतानाही घोंगावू लागला, आणि आवाज स्वच्छ करण्याचं जे काम एका दमात व्हायचं, ते रेंगाळू लागलं. भावाने सरळ सांगितलं, "ताई, म्हातारा झालाय तो. नवीन घे आता."

मला ते पटलं नाही, आणि ज्यांना कुणी असं सांगतं त्यांनीही लगेच पटवून घेऊ नये म्हणून हे लिहितेय. प्रोसेसर वय झालं म्हणून संथ होत नाही. तो ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, इतरांत थोडी इकडेतिकडे. वेग उतरवूनही भागलं नाही तर मशीन सरळ बंद पडतं. म्हणजे 'जुना झाला' असं ज्याला आपण म्हणतो, तो पुष्कळदा नुसता गुदमरलेला असतो.

खोलण्याआधी मोजावं. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हा प्रोग्राम आणि लिनक्सवर सेन्सर्स (sensors) ही कमांड तापमान दाखवते. काही काम चालू नसताना ४० ते ५० अंश आणि जोराच्या कामात ८०-९० हे लॅपटॉपला चालतं. माझा रिकामा बसलेला असताना सत्तरीत होता, आणि एक्सपोर्ट सुरू केलं की बघता बघता नव्वदी ओलांडून वेगाचा आकडा खाली घसरत होता. टास्क मॅनेजरही आधी बघून घेतला. मागे एखादा प्रोग्राम प्रोसेसर खात बसला असेल, तर धूळ काढून काय उपयोग? तसं काही नव्हतं.

मग सगळ्यात सोपी परीक्षा: हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी हात धरायचा. पंखा पूर्ण जोरात ओरडतोय आणि हवा मात्र क्षीण, कढत येतेय, तर वाट तुंबली आहे. हवा भरपूर येतेय, फारशी गरम नाही आणि तरी प्रोसेसर तापलाय, तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. तिथे थर्मल पेस्टवर, म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेल्या लेपावर, संशय घ्यावा. माझ्या हाताला जेमतेम झुळूक लागत होती.

आतली रचना मला फार आवडते, म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी आणि तिथून निघणारी चपटी नळी असते. ती भरीव वाटते, पण आतून पोकळ असते. हवा काढून टाकून तिच्यात अगदी थोडं पाणी सोडलेलं असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी होतं आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येतं. एकही हलणारा भाग नाही! लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी करून दाखवली, तीही अवकाशात वापरायच्या विचाराने. तीच आपल्या कीबोर्डखाली आहे, म्हणून ती वाकू देऊ नये. एकदा चेमटली की गेली.

नळीचं थंड टोक धातूच्या पातळ, दाटीने बसवलेल्या पत्र्यांना जोडलेलं असतं. पंखा बहुधा खालून हवा ओढतो आणि बाजूला, या पत्र्यांमधून फेकतो. आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्याला दिसते ती पात्यांवरची धूळ, पण खरा घोटाळा पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये असतो. हवेतले तंतू, केस, सुताची कुसं पत्र्यांच्या आतल्या तोंडाशी अडकतात आणि नमद्यासारखा थर जमतो. बाहेरच्या जाळीतून टॉर्च मारून तो दिसत नाही. बाहेरून जोरात हवा मारली, तर तोच थर सुटून पंख्यात शिरतो. म्हणून उघडायचं.

लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. स्लीपवर ठेवून चालत नाही. काही मॉडेलमध्ये रबरी पायांखालीही स्क्रू लपलेले असतात, ते राहिले तर झाकण निघत नाही आणि जोर लावला की खाचा तुटतात. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर बोर्डाला इजा होऊ शकते. मी कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावते. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं, बाकी सगळं नंतर. तेव्हाच बॅटरी फुगलेली नाही ना हेही बघावं. फुगलेली असेल तर तिला टोचू-दाबू नये, आणि सफाई सोडून आधी ती बदलून घ्यावी.

पंख्याचे स्क्रू काढले, वायर न ओढता त्याचं कनेक्टर प्लॅस्टिकच्या काडीने सरकवलं, आणि पंखा उचलला. मागे करडा थर पत्र्यांवर आडवा पसरलेला होता. चिमट्याने टोक धरलं आणि तो जवळजवळ अखंड निघाला. उरलेलं मऊ ब्रशने. दाबलेल्या हवेचा फवारा मारणारा डबा वापरायचा तर उभाच धरावा, तिरका केला की द्रव बाहेर येतो. आणि पातं बोटाने किंवा काडीने अडवून धरावं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंगला त्रास होतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मी आत लावत नाही, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते.

थर्मल पेस्टला मी हात लावला नाही. धूळ काढून तापमान उतरत असेल तर तांब्याची पट्टी उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. उचलली, तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावीच लागते, स्क्रू त्यांच्याशेजारी छापलेल्या क्रमांकानुसार थोडे थोडे आवळावे लागतात, आणि शेजारच्या चिपांवरचे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे शोधावे लागतात.

माझा लॅपटॉप आता रिकामा असताना पन्नाशीच्या आत असतो. एक्सपोर्टला पंखा वाढतो, तो वाढायलाच हवा. पण वाचन चालू असताना माइकला तो ऐकू येत नाही, आणि मुलांच्या कानात आता फक्त धडा जातो. भूगोलाचं पुस्तक मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलंय.

सफाई होईपर्यंत काम अडलं असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की पुष्कळ लॅपटॉपचा टर्बो वेग (जोराच्या कामात प्रोसेसर घेतो तो जादा वेग) बंद होतो आणि तापमान बरंच खाली येतं. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवणंही तेवढ्यापुरतं तरी थांबवा, खालची हवा बंद होते. आणि धूळ निघूनही खरखर किंवा घासल्यासारखा आवाज राहिला, तर पंख्याचं बेअरिंग झिजलंय. अशा वेळी फक्त पंखा बदलता येतो. त्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर उतरवून घ्या आणि मागवताना तो जुळवून बघा.