नारळावरचं टोपडं

मे महिन्यातल्या दुपारी लातूरच्या आमच्या गल्लीतून जाणारं कुणीही ओसरीकडं बघून विचारतंच, "इथं फॅनखाली जीव राहीना, अन् तुम्ही लोकर घेऊन बसलाव?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. "वाटायचंच आहे तर तयार आणून वाटा की, स्वस्त पडतं. अन् दान करायच्या वस्तूंची स्पर्धा कशाला?" परवा एका लग्नात पंगतीतच एका वहिनींनी हे विचारलं. वाढपी भात घेऊन उभा होता, मागची पंगत खोळंबली होती, त्यामुळं उत्तर अर्ध्यात राहिलं. वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

आम्ही चौदा जणी. सुरुवात भिशीतून झाली, त्याला सात वर्षं झाली. दर बुधवारी चार वाजता जिच्या घरी पाळी असेल तिच्या ओसरीवर बसतो. बारा महिने विणतो ती सरकारी दवाखान्यातल्या कमी वजनाच्या बाळांसाठी टोपडी आणि मोजे. पावसाळा सरला की स्वेटर हातात घेतो. ते ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी असतात. आणि दसऱ्यापासून येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या, आधीच्या बुधवारपर्यंत आमची स्पर्धा चालते.

आधी उन्हाचं सांगते. बाळ जन्मतं तेव्हा ओलं असतं, आणि अंगावरचं ते पाणी उडताना ऊब घेऊन जातं. दिवस भरायच्या आधी आलेल्या, दीड किलोच्या बाळाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. वजनाच्या मानानं अंग उघडं जास्त पडतं, आणि त्यातही डोकं मोठं. बाहेर बेचाळीस अंश असू देत, वॉर्डात पंखा फिरत असतो, आणि ते बाळ भर मे महिन्यात गार पडू शकतं. अंगाचं तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेलं की सिस्टरांची धावपळ सुरू होते. त्यांनीच आम्हाला खूण शिकवली. बाळाच्या पोटाला हात लावायचा, मग तळपायाला. पोट गरम आणि तळपाय गार लागले तर बाळाला थंडी वाजतेय. मला वाटतं, ही खूण लेकी-सुनांच्या प्रत्येक घरात माहीत पाहिजे.

अशा बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं धरून बांधतात. वॉर्डात त्याला नुसतं 'केएमसी' म्हणतात, म्हणजे कांगारू मदर केअर. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितका वेळ असं ठेवावं. आईची छाती ऊब देते आणि पाठीवरून पदर येतो. उघडं राहतं ते डोकं, म्हणून टोपडं. पायांना मोजे. बाळाच्या अंगावर लंगोटाखेरीज एवढंच असतं. (घरी गेल्यावर मात्र उन्हाळ्यात झोपलेल्या बाळाला टोपडं घालून ठेवू नका. किती घालायचं, कधी काढायचं हे सुट्टी होताना डॉक्टरांना नीट विचारून घ्या.)

आता तयार टोपड्यांचं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. बत्तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाचा तीसच्या आतबाहेर. दुकानात जे सगळ्यात लहान टोपडं मिळतं, ते या बाळाच्या नाकापर्यंत उतरतं. आम्ही गंजगोलाईतली दुकानं पालथी घातली. 'झिरो साइज' म्हणून जे दाखवत होते ते आमच्या कामाचं नव्हतं. या मापाचं गिऱ्हाईक बाजारात फिरत नाही, मग दुकानदार तरी ते कशाला ठेवील?

तीस सेंटिमीटर घेराचं डोकं विणताना समोर धरायचं कुठून, हा आमचा पहिला घोर. तो नारळानं मिटवला. सोललेला, शेंडी काढलेला नारळ घेतला, टेपनं मोजला, तर बरोबर एकतीस भरला. तेव्हापासून गटाच्या पिशवीत एक नारळ असतोच. टोपडं त्याच्यावर चढवायचं. ओढावं लागलं तर घट्ट, फिरलं तर सैल. नारळावर बसून राहावं आणि दोन बोटांनी अलगद निघावं, असं टोपडं पास.

स्पर्धेचं मात्र पहिल्या वर्षी आमचं चुकलं होतं. ज्याची नक्षी सुंदर त्याला पहिला नंबर, एवढंच ठरलं होतं. मग काय, जाळ्या, गोंडे, रेशमी फिती, मोत्यांची बटणं. क्रोशावाल्यांनी खांबांची फुलं काढली, सुयांवाल्यांनी दोन रंगांची वेलबुट्टी. चाळीसेक नग घेऊन आम्ही मोठ्या हौसेनं दवाखान्यात गेलो. सिस्टरांनी ते टेबलावर मांडले, काही बोलल्या नाहीत. एक टोपडं उचललं, जाळीच्या भोकात स्वतःची करंगळी घातली आणि फिरवली. करंगळी अडकली. मग दोन रंगांचा एक मोजा उलटा केला. आत एका रंगाकडून दुसऱ्या रंगाकडं गेलेले लोंबते धागे होते. म्हणाल्या, "ताई, यात बाळाच्या पायाचं बोट गुंडाळलं की रक्त अडतं. बाळ रडतं, आईला वाटतं भूक लागली. मोजा काढेपर्यंत कुणाला कळत नाही."

त्या दिवशी चाळीसांतले सहा नग तिथं ठेवले, बाकी परत आणले. येताना रिक्षात कुणी बोललं नाही. ज्या मोज्याचं आतलं अंग त्यांनी दाखवलं, तो माझा होता.

दुसऱ्या वर्षीपासून परीक्षण उलट्या बाजूनं सुरू झालं. प्रत्येक वस्तू आतून बाहेर करूनच टेबलावर ठेवायची. परीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या एक सिस्टर येतात. त्या शिवण स्वतःच्या गालावरून फिरवतात, आणि जिथं टोचलं तिथं गुण कापतात. बटण, गोंडा, फीत काही नाही. भोकाची नक्षी नाही. टोपड्या-मोज्यांना दोरा सुती, कारण दवाखान्यात कपडे गरम पाण्यात धुतात आणि खरी लोकर त्यात आटते. टोक आत किमान दोन इंच फिरवून मारलेलं असलं पाहिजे. टोपड्यांसाठी सगळ्यांना सारखाच ५० ग्रॅमचा गुंडा मिळतो. त्यात या मापाची दोन टोपडी आरामात होतात, हात बसला असेल तर तिसरंही निघतं.

पहिला तास नमुन्याचा. प्रत्येकीनं दहा सेंटिमीटरचा चौकोन विणायचा. त्याच नंबरच्या सुया, तोच दोरा, तेच बावीस टाके, पण एकीचा चौकोन नऊ भरतो आणि एकीचा अकरा. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. कागदावरचं माप आपल्या हाताला लागू पडतंच असं नाही, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. ज्या आजी आमच्यात सगळ्यात थोरल्या, त्यांचा हात इतका घट्ट की त्या दोन टाके वाढवूनच सुरुवात करतात.

जिंकणारीला लोकरीच्या दोन लड्या मिळतात. बाकीच्या मिळून मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा करतात. बक्षीस एवढंच, पण त्या अडीच महिन्यांत आमचं विणकाम जसं सुधारतं तसं वर्षभरात सुधारत नाही. याचं कारण मला असं वाटतं की दिलेल्या वस्तूबद्दल घेणारा कधी तक्रार करत नाही. विकत घेतलेला स्वेटर उसवला तर माणूस दुकानात जाऊन चार शब्द सुनावतो. दान मिळालेला उसवला तर गप्प बसतो. मग आपली चूक आपल्याला सांगणार कोण? "वाटायचंच तर आहे, चालतंय," हे वाक्य आमच्या ओसरीवर कुणी बोलू नये म्हणून स्पर्धा आहे. शेजारीण शेजारणीचं विणकाम उलटं करून बघते, बोट घालून ओढून बघते, आणि सैल असेल तर तोंडावर सांगते.

हे मी इतक्या हट्टानं सांगते, कारण घेणाऱ्याच्या जागी मी राहिलेय.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सहावीत होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, पहाटे चारच्या आत भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. आमचं घर पडलं, आम्ही चौघं वाचलो. त्या वर्षीचा हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढला. दिवसा पत्रा तापायचा आणि रात्री असा गार पडायचा की आतून दव टपकायचं. देशभरातून ट्रक येत होते. ज्यांनी कुणी पाठवलं त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. मला एक मरून स्वेटर मिळाला. ऊबदार होता, चांगला होता, पण मोठ्या माणसाचा होता. गुडघ्यापर्यंत यायचा, बाह्या हाताच्या पुढं वीतभर. सकाळी टँकरवर पाणी भरायला गेलं की त्या बाह्या भिजायच्या, आणि संध्याकाळपर्यंत मनगटाला तशाच गार चिकटून राहायच्या. दुमडल्या तर सुटायच्या. अंगात स्वेटर असूनही मी कुडकुडत होते. हे सांगायचं कुणाला, आणि कोणत्या तोंडानं?

आईच्या ते लक्षात आलं. शेजारच्या शेडमधल्या अंगणवाडीच्या बाईंना विणकाम येत होतं. आईनं सायकलचे दोन स्पोक दगडावर घासून त्यांच्या सुया केल्या. स्वेटरची शिवण कापली आणि तो गळ्याकडून उसवायला घेतला. उसवलेली लोकर अशी कुरळी होते की तिचा टाका सारखा पडत नाही. म्हणून ती माझ्या दोन हातांवर गुंडाळून लडी केली, कोमट पाण्यात बुडवली, आणि खाली तांब्या बांधून तारेवर टांगली. दोन दिवसांत धागा सरळ झाला. त्या एका स्वेटरातून माझा एक आणि भावाचा एक, असे दोन झाले. बाही बरोबर मनगटावर थांबली. पाणी भरताना मी पहिल्यांदा ती बाही बघत उभी राहिले होते, हे मला लख्ख आठवतं.

म्हणून स्वेटरांचं आमचं काम मापाच्या वहीपासून सुरू होतं. दसरा झाला की बीड, धाराशिव, लातूरकडची माणसं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, ती गाळप संपेपर्यंत येत नाहीत. काही लेकरं सोबत जाऊन तिथं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. काही गावात हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी थांबतात. मराठवाड्यात थंडी नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी डिसेंबरात परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या नोंदी बघाव्यात. पारा पाच-सहा अंशांवर येतो तो काही एखाद्याच वर्षी नाही. आणि लोकरही आपल्याकडं परकी नाही. चिंचोक्याची खळ दिलेली धनगरी घोंगडी माझ्या आजोबांनी पावसात आणि थंडीत आयुष्यभर वापरली.

तर वही. ओळखीचे एक गुरुजी आम्हाला छाती, उंची आणि बाही मोजून देतात. शेजारी एक रकाना रंगाचा. तो लेकरांनी स्वतः सांगायचा. सहा वर्षांच्या मुलापासून बारा वर्षांच्या मुलीपर्यंत मापं असतात, एका स्वेटरला अडीचशे-तीनशे ग्रॅम लोकर लागते. तयार स्वेटर घाऊक बाजारात याहून स्वस्त पडतो, हे वहिनींचं म्हणणं खरं आहे. पण लेकरू वर्षभरात वाढतं. आम्ही स्वेटर गळ्यापासून खाली विणतो, म्हणजे पुढच्या वर्षी खालची पट्टी उसवून चार बोटं वाढवता येते. बाहीची दोन सुलट दोन उलटची पट्टी दुप्पट लांब ठेवतो. ती दुमडून मनगटावर घट्ट बसते आणि हात वाढला की उघडते. सैल, लोंबतं काही ठेवत नाही, कारण लेकरं चुलीपाशी, शेकोटीपाशी बसतात आणि ॲक्रिलिकनं पेट घेतला की ते वितळून कातडीला चिकटतं. कोपीत राहणाऱ्या लेकरांसाठी म्हणूनच खरी लोकर घेतो. ती महाग पडते, मग नग कमी होतात. त्यावर आमच्यात दर वर्षी वाद होतो, आणि मी दर वर्षी कमी नगांच्या बाजूनं असते.

गेल्या वर्षी वहीत एका नऊ वर्षांच्या मुलीपुढं रंगाच्या रकान्यात लिहून आलं होतं: 'हिरवा. खिसा पाहिजे.' खिसा कशाला, म्हणून मी गुरुजींना फोन करून विचारलं. ती आजीपाशी राहते. घराची किल्ली तिच्याकडं असते, आणि दप्तरात टाकली की ती सापडत नाही.

तो स्वेटर मी घेतला, तोच स्पर्धेतही ठेवायचं ठरवलं. निकालाच्या आदल्या रात्री आई घरी आली होती. आता तिचं वय सत्तरीपुढं, डोळ्यांना कमी दिसतं. तिनं स्वेटर उलटा करून मांडीवर घेतला आणि बोटांनीच बघायला लागली. खिशापाशी थांबली. खिसा मी वरून शिवला होता. तिनं त्यात स्वतःच्या पेटीची किल्ली टाकली आणि स्वेटर दोन-चारदा झटकला. खिसा एका बाजूनं ओघळला.

"वरून लावलेला राहायचा नाही," म्हणाली. "किल्लीचं वजन धरायचं तर टाके आतून उचलून विणावा लागंल. अन् वर झाकण कर, पळताना पडंल."

"आई, उद्या चारला द्यायचाय."

"मग उद्या देऊ नको."

मी रात्री खिसा उसवला, पोटाचा अर्धा भागही उसवावा लागला. आई शेजारी बसून धागा गुंडाळत होती. स्पर्धेत त्या बुधवारी माझ्याकडून काही गेलं नाही. पहिल्या खेपेचे स्वेटर येळवशीच्या आधी पोचले. हिरवा दुसऱ्या खेपेत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला, झाकणाच्या खिशासकट. यंदाच्या वहीत त्या मुलीपुढं फक्त बाहीचं माप आलंय, दीड इंच वाढलेलं.